गोड पाणी

घणसोलीच्या पुलावर काटा चढला
तेव्हा मी एसी बंद केला,
जणू तेवढ्यानं भागणार होतं.
रबाळ्यापर्यंत आणली कशीबशी,
बॉनेटच्या फटीतून वाफ,
मागचा डंपर हॉर्न देऊन देऊन थकलेला.

परकारांनी झाकणाला हात लावू दिला नाही.
"भाजेल, बाय. चहा घ्या.
पाऊण तास तिच्याशी कुणी बोलायचं नाही."
मग चिंधी धरून अर्धंच फिरवलं,
थांबले,
उरलासुरला फुसकारा जाऊ दिला.

खालून आलं ते चहाच्या रंगाचं,
मध्येच एक हिरवट गोळा, जेलीसारखा.
"काय काय घातलंत हिच्यात?"

आठवून सांगितलं:
एकदा पंपावरचं हिरवं,
एकदा दिरानं आणलेलं गुलाबी,
एरवी सोसायटीच्या बोअरचं.

काही न बोलता त्यांनी जुना रेडिएटर
उन्हाकडे धरला.
नळ्यांत पांढरा थर,
आमच्या गीझरच्या कॉइलवर असतो तसा.

आता हे सांगायलाच हवं, की मी
वाशीला डायलिसिसवर आहे, चौदा वर्षं.
सकाळी सहाला पहिलं काम पाणी.
क्लोरीन किती, जडपणा किती, वहीत सही.
त्याआधी एकही मशीन सुरू करत नाही,
डॉक्टर ओरडले तरी नाही केलं एकदा.
आणि हिला
बोअरचं.

"आरओचं चालेल?" मी हळूच विचारलं.
"डिस्टिल्ड. नाहीतर तयार मिक्स घ्या,
त्यात मग थेंबही घालायचा नाही."

शेजारच्या दुकानात फळीवर
हिरवं, लाल, निळं, बर्फगोळेवाल्याच्या गाडीसारखं.
मी गुलाबीकडे बोट केलं.
"रंगावर जाऊ नका. रंग कुणी कुठलाही टाकतो.
पुस्तक कुठाय गाडीचं?"
डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, अजून प्लास्टिकमध्ये,
वर संपलेली पीयूसी, दसऱ्याचं एक वाळकं पान.
चष्मा त्यांनी आणला नव्हता.
मी पुस्तकातलं वाचलं, मग डब्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं,
आकडा जुळेपर्यंत
तीन डबे परत फळीवर गेले.

नवा रेडिएटर, नवे होज, नव्या क्लिपा.
आतून धुतलं, स्वच्छ येईपर्यंत.
मग नवं भरून इंजिन चालू, झाकण उघडंच.
"हीटर लावा. फुल्ल."
मे महिन्यात, रबाळ्यात, दुपारी दोनला
अकरा वर्षांत पहिल्यांदा हीटर लावला.
जळक्या धुळीचा वास आला.
बुडबुडा. बराच वेळ काही नाही. मग दोन.
पेशंट मशीनला लावण्याआधी
आम्हीही अशीच हवा काढतो,
नळीला टिचक्या मारत.
नकळत होजला टिचकी मारली मी,
परकार हसले.

गॅस्केट नावाचं त्यांचं कुत्रं
तेवढ्यात ट्रेशी आलं, नाक खाली.
मी अशी ओरडले
की शेजारचा वेल्डर थांबला.
"गोड लागतं त्यांना," परकार म्हणाले.

माहीत आहे.
गोड लागतं, आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद होते.
पनवेलकडून आला होता एक, एकोणीस वर्षांचा,
मामाच्या गॅरेजात, सरबत समजून.
डायलायझरवर नाव मीच लिहिलं होतं त्याचं.
धुऊन दुसऱ्यांदा वापरायची वेळ आली नाही.

वळून बघते तर पोऱ्या ट्रेमधलं सगळं
कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतत होता.
मार्कर असतोच माझ्या पर्समध्ये.
बाटली घेतली, लेबल खरवडून काढलं,
लिहिलं: विष.
"जहर पण लिहा," परकार म्हणाले, "पोरगं बिहारचंय."
तेही लिहिलं.
पोरगं दोन्हीकडे बघून म्हणालं,
पढ़ना नहीं आता.

मग कवटी काढली.
ती हसल्यासारखी आली.
पुसून परत काढली.